वडोदऱ्यात टँगो शिकू इच्छिणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यात दर रविवारी सायंकाळी आम्ही काही जण एकत्र जमून अर्जेंटिनी टँगोचा सराव करतो आणि नव्याने येणाऱ्यांना पहिली पावले शिकवतो. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग अशा भागांतून येणारी मराठी मंडळी त्यांत बरीच असल्याने चौकशीही बहुधा मराठीतच होते. प्रश्न तेच तेच असले, तरी विचारणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवशी ते किती जड असतात याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. या सगळ्या उत्तरांत आमचा एक आग्रह वाचकाला पुन्हा पुन्हा भेटेल, तो असा की टँगोची सुरुवात चालण्यापासून करावी आणि नक्षीदार हालचालींची घाई करू नये.

चित्रपटांत झटके देत, मान फिरवत करतात तोच का हा टँगो?

नाही. झटक्याने मान वळवण्याची ती शैली बॉलरूम टँगोची आहे. तिचे नियम १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये ठरवले गेले आणि ती आजही प्रामुख्याने स्पर्धांत दिसते. जोडीदाराला उचलून फिरवणे, पाय हवेत उंच फेकणे हे रंगमंचावरच्या टँगोचे अंग आहे आणि ते करणारे कलावंत त्यासाठी वर्षानुवर्षे मेहनत घेतात. आम्ही शिकतो तो सामाजिक टँगो, म्हणजे गर्दीच्या दालनात सर्वसामान्य माणसे एकमेकांसोबत करतात तो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ला प्लाता नदीच्या मुखाशी, एका काठावरच्या ब्युनोस आयरेसमध्ये आणि दुसऱ्या काठावरच्या मोन्तेविदेओमध्ये तो आकाराला आला. इटली आणि स्पेनमधून पोटासाठी आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे रहिवासी आणि तेथील मूळची गरीब वस्ती यांच्या सहवासातून तो घडला. २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या वतीने युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

नवशिक्याने सुरुवातीलाच लक्षात घ्यावे की या नृत्यात आधी बसवलेला क्रम नसतो. गवयाला राग आणि बंदिश ठाऊक असते, पण आलापातली पुढची जागा त्याला गाता गातच सुचते, तसेच येथे पुढचे पाऊल त्या क्षणी ठरते. म्हणून पाठांतराच्या बळावर टँगो येत नाही.

माझे वय ५८ आहे आणि मी आयुष्यात कधी नाचलो नाही. मला जमेल का?

आपल्याला स्थिरपणे चालता येत असेल, तर जमेल. आमच्याकडे निवृत्तीनंतर आलेले एक काका पहिले दोन महिने सतत स्वतःच्या पायांकडे पाहत असत. पायांकडे पाहिले की मान झुकते, मान झुकली की छाती मागे जाते, आणि छातीतूनच जोडीदाराला दिशा कळत असल्याने समोरची व्यक्ती गोंधळते. त्यांना आम्ही इतकेच सांगितले की समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत चाला. पायांचे कसे होईल ही काळजी एकदा सुटल्यावर त्यांचे चालणे इतके शांत झाले की आज नव्या मुली पहिला नाच त्यांच्यासोबत करू पाहतात. तरुणांचे शरीर लवचीक असते हे खरे, पण उतावळेपणाही त्यांच्यातच अधिक असतो, आणि टँगोत उतावळेपणा पायाआधी हाताच्या पकडीत जाणवतो.

जोडीदार सोबत आणावा लागतो का?

लागत नाही. वर्गात दर काही मिनिटांनी जोड्या बदलल्या जातात. पती-पत्नी एकत्र आले तरी त्यांनी इतरांसोबतही सराव करावा अशी आमची विनंती असते. एकाच व्यक्तीसोबत शिकले की दोघे एकमेकांच्या चुका न कळत सांभाळून घेऊ लागतात आणि त्या चुका तशाच राहतात.

अनोळखी माणसाच्या इतक्या जवळ उभे राहायचे याचा संकोच वाटतो. घरच्यांना काय सांगावे?

हा प्रश्न स्त्रिया उघडपणे विचारतात आणि पुरुष मनात ठेवतात. संकोच दोघांनाही सारखाच असतो. तो असण्यात काहीही गैर नाही. आपल्याकडे परक्या स्त्री-पुरुषांनी हात जोडून नमस्कार करण्याची रीत आहे, त्यामुळे वयाच्या चाळिशीत अचानक कोणाच्या खांद्यावर हात ठेवणे जड जाणारच.

टँगोतल्या या जवळिकीला स्पॅनिशमध्ये ‘आब्रासो’, म्हणजे मिठी, असे म्हणतात. पण तिचे काम संवादाचे आहे. पुढे जायचे, थांबायचे की वळायचे हे शब्दांत सांगायला वेळ नसतो, म्हणून ते छातीच्या आणि पाठीच्या सूक्ष्म हालचालीतून कळवले जाते. ही मिठी दोन प्रकारची असते. खुल्या मिठीत दोघांमध्ये सुमारे वीतभर किंवा त्याहून अधिक अंतर राहते आणि हात केवळ आधाराला असतात. जवळच्या मिठीत छातीचा वरचा भाग एकमेकांना टेकतो, मात्र कंबर आणि पाय दूरच राहतात. आमच्याकडे पहिले कित्येक आठवडे खुली मिठीच असते. त्याही आधी एक सराव असतो. दोघे समोरासमोर उभे राहतात, तळहातांमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद धरतात आणि तो न पाडता, न चुरगाळता दालनभर चालतात. हात ढिले पडले तर कागद घसरतो, दाब जास्त झाला तर चुरगळतो. मिठीत किती भार द्यावा आणि किती राखावा, हे त्या कागदाइतके स्पष्ट आम्हाला शब्दांत सांगता आलेले नाही.

अंतर किती ठेवायचे हे ज्याला अधिक अंतर हवे असेल त्याच्या इच्छेनुसार ठरते, आणि त्याचे कारण विचारले जात नाही. कोणाचा स्पर्श अस्वस्थ करणारा वाटला, तर नाच मध्येच थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तसे घडल्यास शिकवणाऱ्यांपैकी कोणालाही सांगावे, त्या व्यक्तीशी बोलण्याची जबाबदारी आमची आहे. घरच्यांना काही सांगत बसण्यापेक्षा एका रविवारी सोबत घेऊन यावे. आई, सासूबाई, मोठा भाऊ, कोणीही खुर्ची घेऊन बसावे आणि पाहावे. एक सासूबाई अशाच पाहायला आल्या होत्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून स्वतः शिकू लागल्या.

पुरुषानेच न्यायचे आणि स्त्रीने मागे जायचे, असे का?

रूढी तशी आहे, नियम तसा नाही. एक जण नेतो आणि दुसरा साथ करतो, एवढेच नृत्याच्या रचनेला आवश्यक आहे. दोन्ही भूमिका कोणालाही शिकता येतात, आणि ब्युनोस आयरेसमध्ये पूर्वीच्या काळी मुलगे पुरुषांच्या सरावात आधी साथ करायला शिकत आणि मगच नेऊ लागत. आम्हीही नेणाऱ्यांना महिन्यातून एक दिवस साथ करायला लावतो. ‘साथ’ हा शब्द आम्ही तबल्याच्या साथीवरून मुद्दाम घेतला आहे. साथ करणारा तबलजी गवयाच्या मागोमाग जातो, पण म्हणून तो गप्प नसतो. तसेच येथे पावलाची लांबी, वळणाचा वेग, मधल्या क्षणात पायाने काढलेली एखादी नाजूक रेघ हे सारे साथ करणारीच्या हाती असते. नेणारा दिशा सुचवतो, ती पाऊल पूर्ण करते आणि ते पूर्ण होईपर्यंत नेणाऱ्याने थांबायचे असते. हे थांबणे शिकायला नेणाऱ्यांना सर्वांत जास्त दिवस लागतात.

पहिल्या दोन महिन्यांत फक्त चालणेच शिकवता, असे ऐकले. ते का?

कारण टँगो म्हणजे मुळात दोघांनी मिळून चालणे आहे, आणि ते दिसते त्याहून कितीतरी कठीण आहे. रस्त्याने चालताना आपण पुढे कलंडतो आणि पडण्याआधी पाय पुढे टाकतो. वजन सतत दोन पायांच्या मध्ये कुठेतरी असते. टँगोत तसे चालत नाही. वजन एका पायावर पूर्ण असते, दुसरा पाय मोकळा असतो, तो मोकळा पाय आधी दिशेला पसरतो आणि मग शरीर त्याच्यावर जाऊन पोहोचते. पोहोचल्यावर मागे राहिलेला पाय घोट्याजवळून सरकत जवळ येतो. याची कसोटी अशी की, गाणे मध्येच बंद केले तर आपण ज्या पायावर असाल त्यावर न डगमगता उभे राहता आले पाहिजे. पहिल्या दिवशी गाणे बंद केले की निम्मा वर्ग डुलतो.

साथ करणारीला तर हे सगळे उलटे, पाठमोरे चालत करायचे असते. मागे पाऊल टाकताना ते गुडघ्यातून टाकले तर आखूड पडते आणि नेणाऱ्याचा बूट तिच्या बोटांवर येतो. मांडीच्या मुळापासून पाय मागे लांबवला तर जागा आपोआप मोकळी होते. पायावर पाय पडण्याच्या घटना बहुतेक वेळा याच एका कारणाने होतात आणि दोष मात्र नेणाऱ्याला दिला जातो.

हे मी अनुभवाने लिहितो. मी प्रथम दुसऱ्या एका शहरात शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी आठ पावलांचा एक ठरावीक क्रम पाठ करून घेतला गेला होता. त्या क्रमाचे पहिले पाऊल मागे पडते. वर्गातल्या मोकळ्या जागेत तो छान जमला. पण पहिल्यांदा भरलेल्या दालनात नाचायला उभा राहिलो, तेव्हा मागे पाऊल टाकताच मागच्या जोडीला धडकलो, क्रम तुटला आणि तो तुटल्यावर पुढे काय करायचे हे मला ठाऊकच नव्हते. जोडीदार ताई समंजस होत्या, त्या म्हणाल्या, “आपण नुसते चालू या.” त्यानंतरचे गाणे आम्ही नुसते चाललो, आणि टँगो मला तेव्हा पहिल्यांदा कळला. म्हणून क्रुसादा, म्हणजे साथ करणारीचा डावा पाय उजव्यापुढे येऊन होणारा छेद, किंवा ओचो, म्हणजे पायांनी जमिनीवर काढलेला आठाचा (8) आकडा, या गोष्टी आमच्याकडे चालणे बसल्यानंतरच येतात.

या संगीतात तबला नाही, ढोल नाही. ताल धरायचा कशावर?

पारंपरिक टँगो वाद्यवृंदात बांदोनिओन, व्हायोलिन, पियानो आणि काँत्राबास, म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य, ही वाद्ये असतात, तालवाद्य जवळपास नसतेच. ठोका काँत्राबास आणि पियानोचा डावा हात मिळून धरतात, त्यामुळे कान खालच्या सुरांकडे न्यावा लागतो. चार मात्रांचे आवर्तन मानले तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक पाऊल पडते. बाकीच्या मात्रांवर शरीर प्रवासात असते. घरी बसून गाणे लावावे आणि मांडीवर पहिल्या मात्रेला टाळी व तिसरीला खाली, असे धरून पाहावे. संगीत शिकलेल्यांना हे दोन दिवसांत जमते. काहीही न शिकलेल्यांना दोन आठवडे लागतात, तेही फार नाहीत.

बांदोनिओन मराठी कानाला परका वाटत नाही, हे आम्ही वारंवार अनुभवले आहे. तो आपल्या पेटीचा दूरचा नातेवाईक आहे, दोन्हीकडे भात्याची हवा धातूच्या पट्ट्यांना थरथरवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत हाइनरिख बांड यांच्या नावाने हे वाद्य प्रसिद्ध झाले आणि स्थलांतरितांबरोबर ला प्लाताच्या काठी पोहोचले. फरक असा की पेटीची पट्टी दाबली की एकच सूर येतो, तर बांदोनिओनचे एकच बटण भाता उघडताना एक सूर देते आणि मिटताना दुसरा. त्यामुळे त्याच्या सुरांत श्वास घेतल्यासारखा एक ओढा येतो, आणि पाऊल लांबवायचे की थांबवायचे हे बहुधा तो ओढाच सांगतो.

सुरुवातीला कार्लोस दि सार्ली यांच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. त्यांची चाल संथ, स्वच्छ आणि चालायला सर्वांत सोयीची आहे. ठोका पक्का करायचा असेल तर हुआन दारिएन्सो, ज्यांना त्यांच्या धारदार लयीमुळे ‘तालाचा राजा’ म्हणत. आनिबाल त्रोइलो त्यानंतर. ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या संगीतात लय ताणली जाते, सोडली जाते आणि पुन्हा पकडली जाते, म्हणून ते ऐकावे आजच, पण त्यावर नाचण्यास वर्षभर थांबावे. साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानतात आणि नाचासाठी आजही जगभर मुख्यतः त्याच काळातली मुद्रणे वाजतात. ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची असल्याने एक गाणे अडीच ते तीन मिनिटांचे असते, त्यामुळे नवशिक्याला दमही लागत नाही.

मला गरबा उत्तम येतो. त्याचा उपयोग होईल का?

होईल, आणि वडोदऱ्याच्या माणसाला होणारा हा उपयोग दुसऱ्या शहरातल्या माणसाला सहसा मिळत नाही. टँगोच्या दालनात सर्व जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एका वर्तुळात पुढे सरकतात, त्याला ‘रोंदा’ म्हणतात. आपल्या मैदानांवरचा गरबाही त्याच दिशेने फिरतो. पुढच्याला धक्का न देता, मागच्याला अडवून न धरता, आपली जागा राखत हजारो माणसांच्या वर्तुळाबरोबर वाहत जाणे हे येथल्या मुलांच्या अंगात लहानपणापासून मुरलेले असते. इतरत्र रोंदाची शिस्त शिकवायला आठवडे जातात, असे बाहेरून येणारे शिक्षक आम्हाला सांगतात.

अडचण दोन ठिकाणी येते. गरब्यात टाचा उचलून उसळायची सवय असते, टँगोत डोके एका पातळीत राहते आणि पाय जमिनीशी लागून चालतात. दुसरी अडचण फुगडीची सवय असलेल्या मराठी मुलींना येते. फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींच्या वजनावर तोल धरतात. हात सुटले तर दोघी पडतात. टँगोत नवशिक्यांनी असे एकमेकांना लटकू नये. हात सोडले तरी दोघे आपापल्या पायांवर उभे राहिले पाहिजेत.

मी भरतनाट्यम शिकले आहे.

१८८० मध्ये तंजावरची राजकन्या सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली, तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही वडोदऱ्यात आल्या. पुढे येथील विद्यापीठातही भरतनाट्यम शिकवले जाऊ लागले, त्यामुळे ते शिकलेल्या मुली आमच्याकडे नेहमी येतात. लय, ताठ पाठ आणि एका पायावरचा तोल ही त्यांची जमेची बाजू असते. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, वळलेले गुडघे मात्र सरळ करावे लागतात, आणि तळपाय आपटण्याऐवजी जमिनीवर अलगद ठेवावा लागतो. प्रेक्षकांकडे पाहण्याची सवय सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

बूट कोणते घालावेत?

पहिल्या महिन्यात नवे काहीही विकत घेऊ नये. पायात घट्ट बसणारे, चामड्याच्या किंवा गुळगुळीत तळाचे कोणतेही जुने बूट चालतील. रबरी तळाचे खेळाचे बूट आणू नयेत, याचे कारण गुडघ्याशी संबंधित आहे. ओचोसारख्या वळणात पूर्ण शरीर पायाच्या चवड्यावर फिरते. तळ जमिनीला चिकटून राहिला तर पाऊल फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. घामेजलेला अनवाणी पायही लादीला तसाच चिकटतो. मोजे घालून नाचल्यास उलट घसरण्याची भीती असते. काही जण कॅरमची पावडर पायाखाली टाकतात, ती कृपया टाकू नये. आपल्याला सोय होते आणि शेजारची जोडी घसरते. स्त्रियांनी उंच टाचांची घाई करू नये.

गुडघेदुखी किंवा कंबरदुखी असेल तर?

आपल्या डॉक्टरांना विचारून यावे आणि आल्यावर आम्हाला सांगावे. वळणे टाळून केवळ चालण्यावरही पूर्ण गाणे सुंदर नाचता येते.

एप्रिल-मेच्या उकाड्यात सराव कसा होतो?

सायंकाळी उशिरा होतो. सुती कपडे, हातरुमाल आणि बदलायला एक जादा सदरा आणावा. उग्र अत्तर लावू नये, जवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला त्याचा त्रास होतो.

घरी एकट्याने काय करावे?

दिवाणखान्यातल्या लाद्यांची एक सरळ रेघ निवडावी आणि एका गाण्याभर त्या रेघेवर पुढे, एका गाण्याभर मागे चालावे. प्रत्येक पावलाला घोटे एकमेकांजवळून जातात का, हे पाहावे. रोज दहा मिनिटे पुरतात. आमच्यातल्या एक काकू सकाळी कमाटी बागेत फिरायला जातात तेव्हा शेवटची एक फेरी टँगोच्या लयीत चालतात. पाहणाऱ्याला त्यात काही वेगळे दिसत नाही, पण रविवारी त्यांचे पाऊल सर्वांत स्थिर पडते. व्हिडिओ पाहण्यास हरकत नाही, फक्त मिठीतला भार त्यात दिसत नाही हे ध्यानात ठेवावे.

मिलोंगा म्हणजे काय, आणि तेथे नवशिक्याने जावे का?

मिलोंगा हे एका चपळ नृत्यप्रकाराचेही नाव आहे आणि जेथे टँगो नाचायला लोक जमतात त्या मेळाव्याचेही. तेथे एकाच वाद्यवृंदाची तीन किंवा चार गाणी सलग लागतात, त्या गटाला तांदा म्हणतात. दोन तांदांच्या मध्ये वेगळ्याच संगीताचा एक तुकडा वाजतो, तो कोर्तिना, म्हणजे पडदा. तो वाजला की जोड्या सुटतात. नाचाचे आमंत्रण तोंडाने न देता नजरेने द्यायचे असते. दुरून नजर मिळाली आणि दोघांनी मान हलवली, तर होकार. नजर वळवली, तर नकार, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. आपल्या संकोची स्वभावाला ही रीत फार मानवते असे मला वाटते.

एक सावधगिरी सांगतो. पहिले गाणे संपताच सवयीने “थँक यू” म्हणू नये. टँगोत त्याचा अर्थ ‘मला तुमच्यासोबत पुढे नाचायचे नाही’ असा होतो. आभार तांदा संपल्यावर मानावेत.

नवशिक्याने तीन-चार महिन्यांनी अवश्य जावे आणि पहिल्या वेळी बसून पाहावे. वडोदऱ्यात आम्ही अधूनमधून घरगुती मिलोंगा करतो. तेथे चहा असतो, आणि संपल्यावर बहुतेक मंडळी शेवउसळ खायला जातात.

नाचताना पाय लागला तर नमस्कार करावा का?

हा प्रश्न आम्हाला मनापासून आवडतो. दुसऱ्याला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो छातीशी न्यायचा, हे आपल्या हाताला न सांगता येते, आणि वर्गात पहिल्या महिन्यात प्रत्येक गाण्यात चार-पाच जोड्या त्यासाठी मध्येच थांबतात. भावना उत्तम आहे, पण रोंदात थांबले की मागच्या सगळ्या जोड्या अडतात. शिवाय पुढे सकादासारख्या हालचालीत जोडीदार नुकताच सोडत असलेल्या जागेत आपला पाय मुद्दाम नेला जातो आणि पायाला पाय हलकेच लागतोही. म्हणून गाणे चालू असताना थांबू नये. तांदा संपल्यावर जोडीदाराला तिच्या जागेपर्यंत सोडावे आणि तेथे हात जोडावेत.

नवरात्रात वर्ग असतो का?

नसतो. त्या नऊ रात्री सगळे मैदानावर असतात, शिकवणारेही. कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी पुन्हा भेटतो आणि त्या दिवशी जुने-नवे सर्व जण पहिले पूर्ण गाणे केवळ चालतात.